भिशीत कुणी हरत नाही

"अमेरिकेत गार हवेत बसून ज्या कोणा शहाण्यानं हे लिहिलंय, त्याला माझं सांगणं आहे. तू चोर आहेस. तू आमच्या घरात कधी पाऊल टाकलं नाहीस, आमच्या हातचा चहा प्यायला नाहीस, आणि तरी कागदावर लिहून मोकळा झालास की आम्ही बायका जुगारी. तुला नाव आहे का? असेल तर सांग. नसेल तर तुझा कागद परत घे."

रत्नाचा घास हातातच राहिला.

टेक्ससमधल्या प्लेनोतल्या ऑफिसात, स्वतःच्या क्युबिकलमध्ये, ती भेंडीची भाजी-पोळी खात रेडिओ ऐकत होती. रेडिओ कॅरिबियन समुद्रातल्या सेंट ऑडा नावाच्या बेटाचा. नकाशावर तो देश शोधायचा तर चष्मा लावावा लागतो, पण इंटरनेटवर त्याचं रेडिओ स्टेशन स्वच्छ ऐकू येत होतं. बोलणाऱ्या बाईला निवेदक 'मिस इर्मा' म्हणत होता. निवृत्त मुख्याध्यापिका. आवाजच असा की रत्नाची पाठ आपोआप ताठ झाली.

मिस इर्माला वाटत होतं, हे लिहिणारा कुणी पुरुष असणार, सुटाबुटातला. तिला काय माहीत की तो शहाणा म्हणजे अमरावतीची रत्ना वानखडे आहे, आणि तिच्या बोटांना आत्ता भेंडीचं तेल लागलंय.

पार्टिशनवरून प्रथमेशचं डोकं वर आलं. पुण्याचा पोरगा, तिच्याच टीममधला. ही लिंक त्यानंच पाठवली होती.

"रत्नाताई, ऐकलंस? आपण इंटरनॅशनल झालो यार!"

"चोर म्हणतेय ती मला."

"तुला कुठे? रिपोर्टवर तुझं नाव तरी आहे का? कंपनीचं आहे. चिल मार."

हे मात्र खरं होतं. नाव कंपनीचं होतं. काम रत्नाचं होतं.

झालं होतं असं. सेंट ऑडाच्या सरकारला जुगार कायदेशीर करायचा होता. उत्तरेच्या किनाऱ्यावर बाहेरची एक कंपनी कॅसिनो बांधायला टपून बसलेली. लोकांत दोन तट पडले, चर्चमध्ये भांडणं झाली, तेव्हा सरकारनं अभ्यास करायचं ठरवलं, आणि ते काम आलं प्लेनोला, रत्नाच्या कंपनीकडे. सरकारनं पैसे दिले म्हणजे सरकारला हवं ते उत्तर काढायचं, हे कुणी तोंडानं बोलत नाही. तेवढी सभ्यता कन्सल्टिंगच्या धंद्यात पाळतात.

बेटावरच्या लोकांना फोन करून विचारलं गेलं: हातात उरलेले पैसे तुम्ही कुठे टाकता? बँक, लॉटरी, पत्ते, की आणखी कुठे? ढिगानं बायकांनी सांगितलं, 'सूसू'. मार्च महिन्यातल्या मीटिंगमध्ये तो शब्द स्क्रीनवर आला आणि प्रथमेश खाली मान घालून खुसूखुसू हसायला लागला. त्याच्या शेजारचा हैदराबादचा पोरगाही. साहेब ग्रेगला काही कळेना.

"रत्ना, तुला माहितेय हे काय असतं?"

रत्नाला माहीत होतं, म्हणजे वाचल्या वाचल्या ओळखीचं वाटलं होतं. तिचा चेहरा फुलला. ऑफिसात तिला कुणी तिच्या घरचं काही विचारतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"ऑफ कोर्स! आमच्यात याला भिशी म्हणतात. माझी आई चालवायची, मी इथे प्लेनोत चालवते. सगळ्याजणी दर महिन्याला सारखे पैसे काढतो, नावं चिठ्ठ्यांवर लिहितो, स्टीलच्या डब्यात टाकतो, एक चिठ्ठी काढतो. जिचं नाव, तिला सगळे पैसे. मग बटाटेवडे!"

सगळे हसले. ग्रेग पण हसला.

"म्हणजे लॉटरीच की ही."

"वेल," रत्ना म्हणाली, "काइंड ऑफ."

हे 'काइंड ऑफ' खास आपल्या लोकांचं. साहेब चुकीचं बोलला की आपल्या तोंडून 'नाही' निघत नाही. चारचौघांत त्याला कसं तोडायचं, मीटिंग कशाला लांबवायची, आपल्यावर हसून बोलतोय तर आपणही हसावं. शाळेत फळ्यावरची चूक दिसली तरी गप्प बसलेलो असतो आपण. मग ते बसणं विमानात बसतं, समुद्र ओलांडतं आणि टेक्ससच्या कॉन्फरन्स रूममध्ये येऊन 'काइंड ऑफ' म्हणतं.

त्याच दुपारी तिनं प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. सूसू 'बचत'मधून उचलली आणि 'सोडत'मध्ये टाकली. दहातले तीन जुगार खेळणारे होते, ते दहातले सात झाले. ग्रेगनं पाठ थोपटली. रत्ना विसरून गेली.

आता नोव्हेंबर होता, आणि मंत्री रेडिओवर रोज सांगत होता: "आपल्या देशात दहातली सात माणसं जुगार खेळतातच. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सिद्ध केलंय. मग चोरून कशाला? कायद्यानं खेळू द्या!" आणि विधेयकात आणखी एक कलम निघालं. कॅसिनोला परवाना मिळणार, आणि ज्या सोडतीला परवाना नाही ती गुन्हा ठरणार. म्हणजे किनाऱ्यावरचा कॅसिनो कायदेशीर आणि मिस इर्माच्या व्हरांड्यातली सूसू बेकायदा. पुढच्या मंगळवारी संसदेत मतदान होतं.

रत्नानं डबा बंद केला. भूक मेली होती.

ती ग्रेगकडे गेली. ग्रेग वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. टेबलावर बायकोचा, कुत्र्याचा फोटो. रत्नाच्या मुलीच्या वाढदिवसाला गिफ्ट कार्ड पाठवणारा.

"ग्रेग, ते सूसू चुकलंय. ती बचत आहे. मी नीट समजावलं नव्हतं."

"व्याख्येचा प्रश्न आहे, रत्ना. आपण व्याख्या परिशिष्टात दिलीय."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"ते आपण ठरवत नाही." तो खुर्चीत मागे रेलला. "क्लायंटनं रिपोर्ट स्वीकारलाय. पुढचं काम पण देताहेत, तूच लीड करणार आहेस. बाय द वे, तुझ्या ग्रीन कार्डाचं काय झालं? परवाच वकिलाचा ईमेल होता. आम्हाला तू हवी आहेस इथे."

गोड बोलला. ती धमकी असती तर रत्नाला चिडता आलं असतं. हे असं लोण्यासारखं बोलणं घशात अडकतं आणि बाहेरही पडत नाही.

कारण ग्रीन कार्डाचं काय झालं, ते प्लेनोतल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं बंद असलेली अर्जांची खिडकी त्या जुलैत अचानक उघडली, आणि जो तो कागद घेऊन धावला. लोकांनी भारतातून जन्मदाखले कुरियरनं मागवले, डॉक्टरांच्या दारात रांगा लावल्या. रत्नाचाही अर्ज गेला. आता नियम असा की अर्ज पडून सहा महिने झाले की नोकरी बदलली तरी धक्का नाही. त्याआधी नोकरी सुटली आणि कंपनीनं हात वर केले, तर सगळं पाण्यात. घर विका, गाडी विका, पोरीला शाळेतून काढा, चला अमरावतीला. सहा महिने जानेवारीत पुरे होत होते.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्र्यंबक पोळ्या लाटत होता. नागपूरचा मेकॅनिकल इंजिनियर. बायकोच्या व्हिसावर आला म्हणून चार वर्षं त्याला काम करायची परवानगी नव्हती. जुलैच्या अर्जामुळे गेल्या महिन्यात त्याचं वर्क परमिट आलं होतं. ते कार्ड त्यानं फ्रिजवर मॅग्नेटनं लावलं होतं, आणि येताजाता त्याच्याकडे बघायचा.

"जानेवारी जाऊ दे ना बाई," तो म्हणाला.

"मतदान मंगळवारी आहे."

"मग मंगळवार जाऊ दे."

"त्र्यंबक, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी काहून थट्टा करू?" त्यानं लाटणं खाली ठेवलं. "चार वर्षं पोळ्या लाटतोय. पाहा, गोल येते आता. आई ओळखणार नाही मला. पुढच्या सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे शुगर लँड गावातल्या एका कंपनीचा, फोनवर. चार वर्षांनी पहिल्यांदा कुणी मला विचारणार आहे, तुम्ही काय करता म्हणून. आणि तू म्हणतेस, त्या बेटावरच्या बायका. कोण लागतात त्या आपल्या?"

 तो चुकीचं काय बोलत होता?

आठवडाभर तिचं लक्ष कशात लागेना. हायवेवर एक्झिट चुकायची. ग्रेग शेजारून गेला की ती उगाच स्क्रीन बदलायची. ईमेलचा आवाज झाला की वाटायचं, आलं बोलावणं. आणि तरी दुपार झाली की हेडफोन कानाला. देशभर वाद पेटला होता आणि प्रत्येकाला त्यात दोन शब्द टाकायचे होते. एक पाद्री म्हणाला, कॅसिनो म्हणजे सैतानाचं दुकान. एक हॉटेलवाला म्हणाला, सैतान निदान पगार तरी वेळेवर देईल. एक टॅक्सीवाला म्हणाला, "माझा पोरगा परक्या देशात भांडी घासतो. कॅसिनो झाला तर तो घरी येईल. मला हवाय कॅसिनो, आणि पाद्रीबुवांनी माझ्या पोराला नोकरी द्यावी नाहीतर गप्प बसावं!" रत्नाला त्याचं पटलं. मिस इर्माचंही पटलं. कॅसिनो यावा की न यावा, ते त्यांचं ते बघतील, त्यांचा देश आहे. पण दहातले सात हा आकडा त्यांचा नव्हता. तो रत्नाचा होता, आणि खोटा होता, आणि प्रत्येकजण तो तोंडात घोळवत होता.

गुरुवारी तिनं भित्रेपणाचं काम केलं. नवं ईमेल खातं उघडलं, नाव टाकलं नाही, आणि स्टेशनला कळवलं की सूसू जुगारात मोजली आहे, ती काढली तर दहातले तीनच उरतात. शुक्रवारी निवेदकानं ते वाचून दाखवलं. मंत्री स्टुडिओतच होता. तो मनमोकळं हसला.

"याला नाव नाही? बिननावाच्या माणसाला मी काय उत्तर देऊ? उद्या शेवटची चर्चा आहे, मी इथेच आहे. म्हणावं, नाव घेऊन ये, मग बोलू."

शनिवारी रत्नाकडे भिशी होती. तारीख महिन्यापूर्वीच ठरलेली, आणि भिशी कॅन्सल करत नाहीत. घरात कुणी आजारी असलं तरी पैसे शेजारणीच्या हाती पाठवतात.

दुपारी सगळ्या जमल्या. शोभना काकू सर्वांत मोठ्या, मुलाकडे राहायला आलेल्या आणि दोन महिन्यांत सगळ्या प्लेनोच्या काकू झालेल्या. लता दातांची डॉक्टर, पण इथली परीक्षा द्यायची राहिलेली. कादंबरी नेहमी सगळ्यांत जास्त बोलणारी, पण आज कोपऱ्यात. तिच्या नवऱ्याला टेलिकॉमवाल्यांनी काढून टाकलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी विषय काढत नव्हतं. आणखी तिघीचौघी सोफ्यावर दाटीवाटीनं. त्र्यंबक किचनमध्ये वडे तळत होता आणि रत्नाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. बेडरूममध्ये तिनं कॉम्प्युटरवर रेडिओ बारीक आवाजात लावून ठेवला होता. तोही त्याला ऐकू येत होता.

"अगं रत्ना, लक्ष कुठे आहे तुझं?" काकू ओरडल्या. "डबा आण. का चिठ्ठ्या लिहायलाच विसरलीस?"

"आणते काकू."

"आणि त्या त्र्यंबकला म्हणावं, मिरची जरा कमी. मागच्या वेळी माझ्या कानातून धूर निघाला."

"काकू, तो विदर्भाचा धूर आहे," त्र्यंबक आतून म्हणाला. "फुकट नाही मिळत."

डबा आला. काकूंनी डोळे मिटून हात घातला, चिठ्ठ्या उगाचच जास्त वेळ ढवळल्या, एक काढली. चष्मा वर केला.

"लता!"

टाळ्या झाल्या. लतानं दोन्ही हात वर केले. मग हात खाली घेता घेता सहज म्हणाली, "माझा नंबर कादंबरीला द्या. तिचा येईल तेव्हा मी घेईन."

"नको गं," कादंबरी पटकन म्हणाली. "तुझं इंडियाचं तिकीट आहे ना?"

"जानेवारीनंतर स्वस्त होतात तिकिटं. आणि सासूबाई आत्ता आहेत तिथे. दोन महिने उशिरा गेले तर माझाच फायदा."

"अगं पण..."

"कादंबरी, घे म्हटलं ना. वडे गार होताहेत."

"ठरलं," काकू म्हणाल्या. "चिठ्ठी बदलली. रत्ना, चहा आण."

झालं. इतकंच. कुणी डोळे पुसले नाहीत, कुणी आभार मानले नाहीत. लता वड्यावर तुटून पडली. कादंबरीनं नुसता पदराचा काठ पिळला, आणि जरा वेळानं आठवडाभरातलं पहिलं काहीतरी चावट बोलली, तेव्हा सगळ्या मनापासून हसल्या.

रत्ना डबा हातात धरून उभी होती.

हे तिनं मार्चमध्ये सांगितलंच नव्हतं. चिठ्ठ्या सांगितल्या, डबा सांगितला, वडेसुद्धा सांगितले. नंबर सोडून देतात हे सांगितलं नाही. आईच्या भिशीत कुणाचं बाळंतपण आलं, कुणाचं छप्पर उडालं की नंबर असाच इकडून तिकडे जायचा. इतकं नेहमीचं होतं ते, की सांगण्यासारखं वाटलंच नाही. जगातल्या कुठल्या लॉटरीत जिंकणारी बाई म्हणते, हिला द्या, मला घाई नाही? आणि हरलं कोण? या खोलीत हरलेली एक तरी बाई दाखवा.

बेडरूममधून निवेदकाचा आवाज आला. शेवटची काही मिनिटं उरली होती, मंत्रिसाहेब अजून फोन घेत होते.

रत्नानं कॉर्डलेस फोन उचलला. पर्समधून परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड काढलं. किचनच्या दारात त्र्यंबक ट्रे घेऊन उभा होता. त्याच्यामागे फ्रिजवर ते वर्क परमिटचं कार्ड.

"नाव सांगणार?" त्यानं विचारलं.

"नाव नसलं की तो हसतो."

 त्र्यंबकनं ट्रे टेबलावर ठेवला. हात पुसले, आणि पुसतच राहिला. मग म्हणाला, "कार्डावर मिनिटं आहेत का पाहा. मधेच कटलं तर फुकट जाईल."

ती बेडरूममध्ये गेली नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, उभ्याउभ्या नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. लतानं विचारलं, "कुणाला करतेयस?" काकूंनी खूण केली, गप्प. तिसऱ्यांदा रिंग गेली.  आत्ता ठेवला तर कुणाला कळणार नाही, असं एकदा मनात आलं. सोमवारी त्र्यंबकचा इंटरव्ह्यू, पोरीचा पियानोचा क्लास, दारातली गाडी, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं.

"तुम्ही लाइनवर आहात. नाव आणि गाव?"

"रत्ना वानखडे," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज कापला, तिनं तो कापू दिला. "प्लेनो, टेक्सस. मिनिस्टर, तुमचा रिपोर्ट मी केलाय. दहातले सात हा आकडा माझा आहे आणि तो चुकीचा आहे. सूसू मी सोडतीत टाकली, कारण माझा साहेब लॉटरी म्हणाला आणि मला नाही म्हणवलं नाही. ती बचत आहे. ती काढली तर दहातले तीन उरतात."

तिकडे कागदांची सळसळ झाली.

"मॅडम," मंत्री म्हणाला, "तुम्ही कंपनीच्या वतीनं बोलताय का?"

"नाही. सोमवारपासून कंपनी मला ठेवेल की नाही, तेही माहीत नाही."

 शोभना काकूंना इंग्रजी पुरतं समजत नव्हतं, तरी त्या रत्नाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हा तांत्रिक मुद्दा आहे," मंत्री म्हणाला. "व्याख्या वेगवेगळ्या असू शकतात. एका अर्थी पाहिलं तर सूसू म्हणजे एक प्रकारची..."

"थांबा," रत्ना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखाद्या साहेबाला मधेच तोडलं होतं. "आत्ता माझ्या घरात भिशी चाललीय. जिचं नाव निघालं तिनं पैसे घेतले नाहीत, जिला गरज आहे तिला दिले. तुमच्या कॅसिनोत हे होणार आहे का? मिस इर्मा मला चोर म्हणाल्या. मिस इर्मा, ऐकत असाल तर, तो शहाणा मी आहे, आणि तुम्ही नाव विचारलंत ते मी सांगितलं. तुम्हीही विचारलं होतंत, मिनिस्टर. म्हणालात, नाव घेऊन ये, मग बोलू. आले आहे मी. मंगळवारी तुम्ही त्यांना गुन्हेगार ठरवणार, माझा आकडा हातात घेऊन. तेव्हा आज, सगळा देश ऐकतोय तोवर, बोला. त्या बायका जुगारी आहेत का? 'एक प्रकारे' नको, 'काइंड ऑफ' नको. हो की नाही, तेवढं सांगा."